मंगळवेढें आणि शेजारची भाषा

आपल्या मध्यम वर्गांतील पुष्कळ घरांतून हल्लीं एखादा मुलगा किंवा एखादी लेक सिंगापुरास असते. तिकडून सुटींत आलेली मंडळी त्या बेटाच्या गोष्टी सांगूं लागली, म्हणजे रस्ते, आगगाड्या व स्वच्छता यांचें वर्णन संपल्यावर एक आश्चर्य हटकून सांगितलें जातें : एका शहराएवढें तें राज्य, आणि त्यांत अधिकृत भाषा चार ! मलायी, चिनी, तामिळ आणि इंग्रजी. ऐकणाऱ्यांस वाटतें, कीं हा प्रयोग जगांत तेथेंच प्रथम झाला. अनेक भाषांच्या लोकांनीं एका वस्तींत कसें नांदावें, मुलांस कोणती भाषा शिकवावी, आणि शाळेबाहेर राहिलेल्या भाषेचें पुढें काय होतें, हे प्रश्न आपल्या घरापासून दूरचे आहेत अशीच आपली समजूत असते. आम्हांस मात्र अशा वेळीं मंगळवेढें आठवतें. सोलापूर जिल्ह्यांतील या लहानशा तालुक्याच्या गांवाचा दोन भाषांशीं संबंध आठशें वर्षांहून जुना आहे. आणि वरील प्रश्नांपैकीं तिसऱ्याचें उत्तर तेथें आज आपल्या डोळ्यांदेखत ठरत आहे.

मंगळवेढ्यास समुद्र नाहीं. उत्तरेच्या बाजूस भीमा आहे, माण नदी त्याच परिसरांत तिला मिळते, आणि बाकी सर्व ज्वारीच्या काळ्या रानाचा विस्तार. तरी पण राज्यांच्या नकाशावर तें जवळजवळ दीडशें वर्षें बेटच होतें. इ. स. १८०१ च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धनांच्या दौलतीची वांटणी होऊन चिंतामणराव अप्पासाहेबांनीं सांगलीचें संस्थान वेगळें केलें. या संस्थानचा मुलूख सलग नव्हता. कृष्णाकांठीं मिरज प्रांत, इकडे भीमेजवळ मंगळवेढें, बेळगांवास लागून शहापूर, जमखंडीच्या बाजूस तेरदाळ, आणि दूर धारवाडाकडे शिरहट्टी, असे त्याचे तुकडे इंग्रजी मुलखांत व इतर संस्थानांत विखुरलेले होते. मंगळवेढ्याचा माणूस पंढरपुरास, सोलापुरास किंवा विजापुरास निघाला, म्हणजे तो इंग्रजी हद्दींत शिरे. त्याचा राजा मात्र कृष्णाकांठीं, कित्येक मजलांवर. या संस्थानच्या प्रजेच्या मुख्य भाषा दोन : मराठी आणि कानडी. इ. स. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां हें बेट सोलापूर जिल्ह्याच्या भूमीस जोडलें गेलें.

परंतु संस्थानाच्या गोष्टीहून गांवाची गोष्ट फार जुनी आहे. बाराव्या शतकांत मंगळवेढें हें कलचुरी घराण्याचें मुख्य ठाणें होतें. हे कल्याणच्या चालुक्यांचे मांडलिक. त्यांतील बिज्जलानें इ. स. ११५७ च्या सुमारास धन्याचेंच राज्य बळकाविलें आणि आपली राजधानी कल्याणास नेली. बिज्जलाच्या पदरीं मंगळवेढ्यास हिशेबाच्या कामावर जो एक बुद्धिमान् तरुण होता, तोच पुढें महात्मा बसवेश्वर म्हणून प्रसिद्धीस आला, असें लिंगायत परंपरा सांगते. कल्याणास बसवेश्वरांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं जातिभेदाविरुद्ध जी चळवळ उभारली, आणि ब्राह्मण व चांभार या दोन कुळांतील विवाहावरून तिचा जो भडका उडाला, तो इतिहास येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस एवढेंच पाहावयाचें आहे, कीं बसवेश्वरांनीं आपला विचार संस्कृतांत न सांगतां लोकांच्या कानडींत सांगितला. आणि नावाडी, चांभार, कष्टकरी स्त्रिया यांस नुसता समजेल एवढाच नव्हे, तर ज्यांत त्यांनाही स्वतः बोलतां येईल, असा 'वचन' हा वाङ्मयप्रकार त्या चळवळींत भरास आला.

कलचुरींचें वैभव थोडक्यांत संपलें आणि यादवांचा उदय झाला. यादव भिल्लमानें मंगळवेढें जिंकल्याचा उल्लेख हेमाद्रीनें केला असून गांवाचें नांव तेथें 'मंगलवेष्टक' असें संस्कृत वेषांत आलेलें आहे. यादवांबरोबर भीमेच्या कांठीं मराठीस राजाश्रय मिळूं लागला, आणि पंढरपूर तर अवघ्या सात-आठ कोसांवर. ज्या विठ्ठलास ज्ञानदेवांनीं 'कानडा' म्हटलें, त्याच्या वारींत दोन्ही भाषांचे लोक एकाच वाटेनें चालत आले. मंगळवेढें त्या वाटेवरचें गांव.

चौदाव्या शतकाचें मंगळवेढें पाहिलें, म्हणजे समाज व शिक्षण यांविषयीं एक मोठें विलक्षण चित्र नजरेस पडतें. या गांवचे चोखोबा महार जातीचे; त्यांस पाठशाळेचें दार बंद, देवळाचेंही बंद. भक्तीची मराठी त्यांनीं ऐकून घेतली आणि तींतच अभंग रचले. ते अभंग अनंतभट्ट नांवाचा ब्राह्मण लिहून घेत असे, अशी वारकऱ्यांची परंपरा आहे. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, या सर्वांच्या नांवावर अभंग आहेत. म्हणजे ज्या घरांत पाटी-पेन्सील जावयाची नव्हती त्या घरांत चार-पांच कवी झाले. इ. स. १३३८ सालीं गांवकुसाचें काम चाललें असतां तें कूस ढासळलें आणि त्याखालीं मजुरांसह चोखोबा गाडले गेले. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरपुरास नेल्या. आणि याच शतकांत, मध्व संप्रदायाच्या समजुतीप्रमाणें, याच मंगळवेढ्याच्या एका संपन्न ब्राह्मण घराण्यांत जयतीर्थांचा जन्म झाला. 'न्यायसुधा' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ द्वैतवेदान्ताचा आधारस्तंभ मानला जातो, आणि कर्नाटकांत त्यांस टीकाचार्य म्हणून आजही पूजितात. एकाच गांवच्या एकाच शतकांतील हे दोघे. एकास त्या काळची सर्वांत उंच विद्या मिळाली, दुसऱ्यास अक्षरही मिळालें नाहीं. अनेक भाषांच्या गांवांत भेद केवळ भाषांचे नसतात; कोणती भाषा कोणास शिकूं द्यावयाची, हा भेद त्याहून खोल असतो. आपल्या पूर्वजांच्या उदारतेचें वर्णन करतांना ही गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

पुढें बहामनी अंमल आला आणि चौथी भाषा आली, ती फारसी. या काळची मंगळवेढ्याची कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक आजीस पाठ आहे. बेदरच्या बादशहाचे अंमलदार दामाजीपंत यांनीं दुष्काळांत सरकारी धान्याचीं कोठारें रयतेस मोकळीं केलीं. बादशहानें जाब विचारला. तेव्हां प्रत्यक्ष विठ्ठल विठू महाराचें रूप घेऊन बेदरास गेला, त्यानें सारा पैका भरला आणि पावती आणिली. इ. स. १४६० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळास दक्षिणेंत दामाजीपंताचा दुष्काळ असेंच नांव पडलें. चमत्काराचा भाग भक्तांकडे सोंपवून या कथेकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें, तरी तींत पुष्कळ सांपडतें. धान्य काळ्या रानांतलें, कोठारें सरकारची, अंमलदार मराठी बोलणारा ब्राह्मण, दरबार फारसीचा, आणि दोहोंच्यामध्यें निरोप्या म्हणून हिंडणारा महार. आज सरकारी, अंमलदार, रयत, दरबार हे शब्द मराठी म्हणूनच आपण वापरतों. ते या कथेच्या काळांतच आपल्या घरांत शिरले. नायकिणीची मुलगी कान्होपात्रा हीही याच मंगळवेढ्याची. बेदरच्या बादशहाचें बोलावणें आलें, तेव्हां तिनें पंढरपुरास विठ्ठलाच्या पायाशीं देह ठेविला, अशी कथा आहे. तिचीही वाणी मराठी.

बहामनी राज्य मोडल्यावर हा मुलूख विजापूरच्या आदिलशहाकडे आला. पहिल्या इब्राहिम आदिलशहानें, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, हिशेबाचीं दप्तरें फारसींतून काढून देशी भाषेंत लिहविण्यास आरंभ केला आणि तीं ब्राह्मण कारकुनांच्या हातीं दिलीं, असें फेरिस्ता लिहितो. गांवकऱ्याच्या दृष्टीनें हा बदल लहान नव्हता. आपल्या शेताचा सारा काय लागला हें दुभाष्यावांचून समजूं लागलें. फारसी शब्द मात्र राहिले. मंगळवेढ्याचा शेतकरी रब्बीची ज्वारी पेरतो आणि तिच्या जमिनीचा हिशेब ठेवतो, त्यांत रब्बी, जमीन व हिशेब हे तिन्ही शब्द मुसलमानी अमदानींतून आलेले. घरांत तो वडील भावास अण्णा व बहिणीस अक्का म्हणतो, भाकरीवर तूप घेतो, आणि पान खातांना अडकित्ता शोधतो. हे सर्व शब्द कानडीचें देणें. भाषा एकमेकींच्या घरीं जाऊन राहतात, त्या अशा. त्यासाठीं कोणाचें फर्मान लागत नाहीं.

येथवर वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल, कीं या सर्व शतकांत मंगळवेढ्याच्या सामान्य माणसास दुसरी भाषा कोणी शिकविली नाहीं. ती त्यानें उचलली. बाजार, लग्नसंबंध, मेंढरांचे तळ, देवांच्या जत्रा, हीच त्याची शाळा होती. या शाळेचा गुण असा, कीं तिला खर्च नाहीं आणि परीक्षा नाहीं. दोष असा, कीं तींत वाचणें-लिहिणें नाहीं. ज्या दिवशीं बाजाराची वाट बदलते, त्या दिवशीं ही शाळा मुकाट्यानें बंद होते, आणि ती बंद झाल्याचें कोणास कळतही नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत खरीखुरी सरकारी शाळा आली, आणि तिच्याबरोबर एक नवा तंटा आला. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागांत, बेळगांव-धारवाडाकडे, आरंभीं कानडी मुलांसही मराठींतूनच शिकवीत. अंमलदार मराठी, कारकून मराठी, मास्तर मराठी. तेव्हां कानडीस शाळेंत जागा काय म्हणून द्यावयाची, असा तो हिशेब होता. डेप्युटी चन्नबसप्प यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनीं खटपट केली तेव्हां कानडी शाळा वाढल्या, आणि इ. स. १८९० सालीं धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. आज सीमेपलीकडे मराठी शाळांवर संकट आलें म्हणजे आपण व्याकुळ होतों, आणि तें योग्यच आहे; परंतु एके काळीं आपली भाषा दुसऱ्याच्या मुलांवर लादणारे आपणच होतों, याचें स्मरण ठेविलें तर आपल्या बोलण्यास अधिक वजन येईल.

तथापि त्या तंट्याच्या काळांतही या सीमेनें माणसें कशीं घडविलीं तें पाहा. फ. गु. हळकट्टी हे विजापुरास वकिली करीत. मठांतून व घराघरांतून पडलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या जमवून त्यांनीं वचनें छापून काढलीं. इ. स. १९२३ सालीं त्यांचा 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध झाला, आणि बसवेश्वरांची वाणी सुशिक्षित वाचकांस खऱ्या अर्थानें लाभली. गुरुदेव रा. द. रानडे हे इ. स. १८८६ सालीं जमखंडीस जन्मले. त्यांनीं महाराष्ट्राच्या संतांवर इंग्रजींत मोठा ग्रंथ लिहिला, कानडी संतवाङ्मयावरही लिहिलें, आणि आश्रम केला तो इंडीजवळ निंबाळास, मंगळवेढ्यापासून फार दूर नाहीं. कवि द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, काव्याची कानडी, इ. स. १९४४ पासून १९५६ पर्यंत ते सोलापूरच्या महाविद्यालयांत अध्यापक होते, आणि पुढें कानडी काव्यासाठीं त्यांस ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. रानडे व बेंद्रे यांस दोन्ही भाषा परक्या नव्हत्या. अशीं माणसें दोन भाषांच्या सांध्यावरच निपजतात.

इ. स. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली. विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला, सोलापूर मुंबई राज्यांत राहिला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला. कोणतें गांव कोणाचें, हा वाद तेवढ्यानें मिटला नाहीं, इ. स. १९६७ च्या महाजन आयोगानें सोलापूर, अक्कलकोट व जत या भागांविषयींही शिफारशी केल्या, आणि तो वाद न्यायालयांत व वर्तमानपत्रांत चालूच आहे. त्यांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. आम्हांस दिसतें तें निराळेंच. जमिनीची सीमा नकाशावर आंखली गेली, तशीच एक सीमा शाळेच्या वेळापत्रकांत आंखली गेली. इ. स. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणांतील त्रिभाषासूत्राप्रमाणें महाराष्ट्रांतील मुलास मराठी, हिंदी व इंग्रजी मिळाली, आणि शेजारच्या भाषेस जागा उरली नाहीं. अक्कलकोट-जतकडे कानडी शाळा आहेत, आणि त्यांतील मुलें मराठीही शिकतात, इ. स. २०२० च्या कायद्यानें तर राज्यांतील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. परंतु मराठी शाळेंतील मुलगा कानडीचें एक अक्षरही शिकत नाहीं. सीमेपलीकडे इंडीच्या कानडी शाळेंतील मुलगा मराठी शिकत नाहीं. इ. स. २०२५ सालीं पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी असावी कीं नसावी, यावर महाराष्ट्रांत मोठें रण माजलें आणि सरकारनें आपला निर्णय मागें घेतला. त्या साऱ्या गदारोळांत सीमेवरच्या तालुक्यांत शेजाऱ्याची भाषा शिकवावी, ही सूचना आमच्या तरी कानीं आली नाहीं.

आतां सिंगापुराकडे वळूं. इ. स. १९६५ सालीं स्वतंत्र झालेल्या त्या बेटावर हा प्रश्न दैवावर सोडलेला नाहीं. प्रत्येक मुलानें इंग्रजी शिकावी आणि आपल्या समाजाची 'मातृभाषा' शिकावी, असा तेथील दंडक. दुय्यम शाळांत दुसरी भाषा १९६६ पासून सक्तीची झाली, आणि १९८७ पासून सर्व शाळांचें माध्यम इंग्रजी झालें. या शिस्तीनें पुष्कळ साधलें. एका भाषेच्या समाजानें दुसऱ्याशीं रस्त्यांत मारामारी करावी, असे दिवस त्या बेटानें पाहिले होते. ते मागें पडले. परंतु सरकारनें नेमून दिलेली मातृभाषा ती आईचीच भाषा असे असें नाहीं. चिनी घरांतून होक्कियन, तिओच्यू, कँटनी अशा बोली चालत. शाळेंत त्या सर्वांची मातृभाषा एकच ठरली, ती मँडरिन. १९७९ सालीं मँडरिन बोलण्याची मोहीम निघाली आणि त्या बोली आकाशवाणीवरून व चित्रवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाल्या. ज्या नातवास आजीची बोली येत नाहीं आणि जिच्या आजीस नातवाची इंग्रजी येत नाहीं, अशीं घरें तेथें झालीं. इ. स. २०२० च्या शिरगणतींत घरीं मुख्यतः इंग्रजी बोलणारे लोक शेंकडा ४८ वर गेलेले दिसतात. हिंदुस्थानी मुलांस तामिळच्या जागीं हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेतां येते. मराठी त्या यादींत नाहीं. म्हणजे आपल्या लेकीचीं मुलें तेथें मातृभाषा म्हणून जी भाषा शिकतात, ती त्यांच्या मातेची नसते. मराठी राहिली तर ती घरांत व मंडळाच्या गणेशोत्सवांत.

ही दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. सिंगापुरानें सर्व भार शाळेवर टाकिला. म्हणून शाळेनें घेतलेली भाषा जगली आणि शाळेनें टाकलेली घरांतही वाळली. मंगळवेढ्यानें सर्व भार बाजारावर व जत्रेवर टाकिला; म्हणून जोंवर बाजार होता तोंवर भाषा होती. दोहोंचा निष्कर्ष एकच : शाळा आल्यानंतरच्या काळांत शाळेबाहेर राहिलेली भाषा फार दिवस तग धरीत नाहीं. चोखोबांच्या काळीं अक्षर न शिकतां भाषा टिकत होती, कारण कोणाच्याच घरीं मूल दिवसाचे सहा तास दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन होत नव्हतें. आतां होतें.

तरी मंगळवेढ्याची जुनी शाळा अजून अगदीं मिटली नाहीं. तालुक्याच्या दक्षिणेस हुलजंती येथें दिवाळींत महालिंगरायाची यात्रा भरते. कर्नाटकांतून व इकडून देवांच्या पालख्या येतात, त्यांची भेट होते, ढोल वाजतात, भंडाऱ्यानें सारें रान पिवळें होतें. घोंगडें पांघरलेला धनगर एका शेजाऱ्याशीं मराठी बोलतो, मान वळवून दुसऱ्याशीं कानडी बोलतो, आणि आपण कांहीं विशेष केलें असें त्याच्या मनांतही येत नाहीं. त्याच्या खांद्यावर बसलेला नातू मात्र शाळेंत जातो. त्याच्या पुस्तकांत बसवेश्वरांचा धडा असेल. परंतु त्या महात्म्याची वाणी ज्या अक्षरांत लिहिलेली आहे, तीं अक्षरें त्यास कोड्यासारखीं वाटतील. आजोबाची बोली बोलतां आली तरी ती वाचतां येणार नाहीं. आणि त्याच्या मुलास बोलतांही येणार नाहीं.

मंगळवेढ्यास बसवेश्वरांचें स्मारक व्हावें, याची चर्चा पुष्कळ वर्षें चाललेली आहे. तें अवश्य व्हावें. परंतु त्याहून स्वस्त आणि त्याहून टिकाऊ असें एक स्मारक आम्हांस सुचतें. मंगळवेढें, अक्कलकोट, जत या सीमेवरच्या तालुक्यांतील मराठी शाळांतून ज्या मुलांची इच्छा असेल त्यांस आठवड्यांतून दोन तास कानडी अक्षरें व सोपें वाचन शिकवावें. परीक्षा नको, गुण नकोत, सक्ती तर नकोच. सक्तीनें काय होतें तें आपण धारवाडासही पाहिलें आणि सिंगापुरासही. शिकविणारी माणसें दूर शोधावयास नकोत. दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक याच तालुक्यांतून आहेत. आणि पलीकडे इंडी-विजापुराकडे कोणी आपल्या मुलांस मराठी अक्षरें शिकवूं म्हणेल, तर चोखोबांचे अभंग त्यांनाही वाचतां येतील. यानें सीमेचा वाद सुटणार नाहीं. तो सोडविणारे निराळे आहेत. परंतु ज्या गांवांत एका भाषेच्या कारकुनानें आणि दुसऱ्या भाषेच्या मजुरानें माणसाच्या समतेविषयीं दोन शतकांच्या अंतरानें एकच गोष्ट सांगितली, त्या गांवच्या मुलांस ती दोन्ही भाषांत वाचतां यावी, एवढी अपेक्षा फार मोठी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं जे त्या बाजूचे असतील, त्यांनीं आपल्या गांवच्या शाळेंत जाऊन हेडमास्तरांस एवढें एकदां विचारून तरी पाहावें.